टोफूचं गोत्र दुधाशी

टोफू कोणी शोधला, याचं चीनमधलं ठरलेलं उत्तर आहे: हुआइनानचा राजपुत्र लिऊ आन, इसवी सनपूर्व दुसरं शतक. पण त्याचं नाव टोफूला चिकटलेलं दिसतं ते थेट बाराव्या शतकात, चू शी या तत्त्वज्ञाच्या वेळी. तेराशे वर्षांनी दिलेली ही साक्ष मी मानत नाही.

माझा खरा साक्षीदार आहे जिया सिश्ये. त्याने सहाव्या शतकात शेती आणि स्वयंपाकावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात सोयाबीन आंबवण्याच्या कृती आहेत, व्हिनेगर आहे, दुधाचं दही आणि लोणीही आहे. टोफू मात्र नाही. इतका बारकाईने लिहिणारा माणूस रोजचा पदार्थ विसरेल, हे पटत नाही. पुढे थाव कूच्या नावावर असलेल्या दहाव्या शतकातल्या पुस्तकात टोफू एकदम अवतरतो: छिंगयांगचा एक प्रामाणिक उपदंडाधिकारी मटण परवडेना म्हणून रोज टोफू विकत घेई, आणि गावकरी टोफूलाच ‘उपदंडाधिकाऱ्याचं मटण’ म्हणू लागले.

या दोन पुस्तकांच्या मधल्या काळात काय घडलं, याचं उत्तर शिनोदा ओसामू या जपानी अभ्यासकाने दिलं. उत्तर चीनवर तेव्हा स्टेपमधल्या पशुपालकांची छाप होती. त्यांच्या दुधाच्या घट्ट गोळ्याला चिनी लोक ‘रूफू’ म्हणत. ‘रू’ म्हणजे दूध. त्यातलं दूध काढून ‘दोऊ’, म्हणजे सोयाबीन, घातलं की ‘दोऊफू’. ‘फू’चा अर्थ सडलेलं, नासलेलं. ताज्या, पांढऱ्याशुभ्र पदार्थाला असलं नाव कोण देईल? शिनोदांच्या मते तो परक्या शब्दाचा केवळ उच्चार. मला मात्र अर्थही चपखल वाटतो, कारण दूध नासल्यावरच पनीर होतं, हे आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतं.

टोफू हान काळातलाच, असं मानणाऱ्या विरोधकांचा मोठा पुरावा म्हणजे हनान प्रांतातल्या ताहूथिंग येथील हानकालीन थडग्यातलं कोरीव चित्र. छन वनहुआ या अभ्यासकांना त्यात सोयाबीन भिजवणं, दळणं, गाळणं, दाबणं दिसलं. सुन जी या दुसऱ्या अभ्यासकांना मद्य गाळणं. उकळण्याची कढई तर त्यात नाहीच, आणि उकळल्याशिवाय चांगला टोफू होत नाही. म्हणून मी सुन जींच्या बाजूने.

दुसरा तर्क अपघाताचा: सोयाबीनच्या दुधात अशुद्ध समुद्री मीठ पडलं आणि ते फाटलं. घडलंही असेल. पण फाटलेलं दूध फेकून न देता फडक्यात बांधून दाबायचं, हे ज्याने आधी पाहिलंय त्यालाच सुचेल. सोयाबीनचं दूध फाडायला लागणारी चिरोडी (जिप्सम) किंवा मिठागरातलं कडू पाणी पशुपालकांकडे कुठे होतं, असं कोणी विचारेल. ली शिचन या चिनी वैद्याने सोळाव्या शतकात या दोन्हींबरोबर आंबट पाणीही सांगितलंय. दूध फाडायला आपण लिंबू पिळतो, त्याच जातीचं ते.

चीनबाहेर, जपानमध्ये टोफू 1183 साली नाराच्या कासुगा देवळाच्या नोंदींत दिसतो. 1782 साली ओसाकात त्याच्या शंभर कृतींचं पुस्तक निघालं. तिथल्या कोया पर्वतावर तो गोठवून वाळवत असत; गोठवण्याची ती युक्ती आपल्या घरीही चालते.

घरी टोफू बेचव लागतो, कारण आपण त्याला थेट पनीरच्या रश्श्यात सोडतो. पनीरात साय असते, टोफूत पाणी. पिठूळ मऊ प्रकार सोडा, घट्ट लादी आणा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी वितळू द्या आणि तळहातांत धरून पाणी पिळून काढा. बर्फाच्या कणांनी आत जाळी पडलेली असते. ती रस्सा ओढून घेते. मग कडकडीत तेलात लालसर परता, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात दहा मिनिटं शिजवा, आणि मीठ सुरुवातीलाच घाला.