छापील किमतीची गोष्ट

दसरा जवळ आला की वर्तमानपत्रांची पहिली पाने आकड्यांनी भरून जातात. चाळीस टक्के सूट, साठ टक्के सूट! त्या मोठ्या आकड्याशेजारी बारीक टाइपात फुली मारलेली एक किंमत असते. सूट मोजली जाते ती तिच्यावरून. पण ही किंमत आली कुठून?

पूर्वी आपल्याकडे वस्तूवर किंमत नसेच. दुकानदार भाव सांगे, गिऱ्हाईक घासाघीस करी. पुढे पाकीटबंद माल आला आणि १९७७ साली केंद्र सरकारने त्यासाठी नियम केले. पाकिटावर वजन आणि किंमत छापणे आले. मात्र 'स्थानिक कर वेगळे' असे छापण्याची मुभा होती. कर नेमका किती, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे. दुकानदार सांगेल तो कर! म्हणून १९९० साली नियम बदलला आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजेच आपली 'एमआरपी', छापणे सक्तीचे झाले. त्याहून एक पैसाही जास्त घेणे हा गुन्हा ठरला. अडलेल्या गिऱ्हाइकाच्या हाती ही ढाल आली.

आता यातला 'कमाल' हा शब्द पाहा. ती वरची मर्यादा आहे, योग्य भाव नव्हे. काही औषधांसारखे अपवाद सोडले, तर ती सरकार ठरवत नाही. उत्पादक स्वतःच ठरवतो. कमी किमतीत विकायला तर कोणाचीच हरकत नसते. म्हणजे जी किंमत आपल्या संरक्षणासाठी छापली गेली, तीच सेलच्या काळात सूट मोजायची फूटपट्टी झाली.

२६ जानेवारी २००६ रोजी बिग बझारने 'सबसे सस्ता दिन' साजरा केला, तेव्हा गर्दी आवरायला काही ठिकाणी पोलिसांना बोलवावे लागले. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टचा 'बिग बिलियन डे' झाला. माल भराभर संपला, संकेतस्थळ कोलमडले, आणि दुसऱ्याच दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. तयारीच्या दिवसांत काही वस्तूंच्या किमती विनासवलत दरावर गेल्या होत्या, हेही त्यांनी मान्य केले. आधी किंमत चढली की नंतरची सूट आपोआप मोठी दिसते. युरोपीय संघाने यावर उपाय केला. मे २०२२पासून तिथे सूट जाहीर करताना आधीच्या किमान तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. आपल्याकडे २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी 'शेवटची दहा मिनिटे' अशी खोटी घाई लावण्याला मनाई केली. आधीची किंमत लक्षात ठेवण्याचे काम मात्र आपलेच आहे.

समजा, मिक्सरवर ५,००० रुपये छापले आहेत. वर्षभर तो ३,४०० ला मिळतो आणि सेलमध्ये '४० टक्के सूट' म्हणून ३,००० ला. तुमचे वाचले ४०० रुपये, म्हणजे जेमतेम बारा टक्के. तसेच 'पन्नास अधिक वीस टक्के' म्हणजे सत्तर नव्हे. हजाराचे पाचशे, पाचशेचे चारशे; सूट साठच टक्के.

महाराष्ट्राला याबाबतीत एक चांगला वारसा आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबे एकत्र येऊन महिन्याच्या सामानाची मागणी आधी नोंदवत आणि मग एकत्रित खरेदी होई. यादी आधी, खरेदी नंतर. सेल नेमका हा क्रम उलटा करतो. आधी स्वस्त वस्तू दिसते, गरज मागाहून सुचते.

तेव्हा येत्या दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी, घरात खरोखर हव्या असलेल्या दोन-तीन वस्तू आणि त्यांचा त्या दिवशीचा बाजारभाव एका कागदावर लिहून ठेवा. सेलच्या दिवशी फुली मारलेल्या किमतीकडे न बघता त्या कागदाकडे बघा. फरक खरा असेल, तर आनंदाने खरेदी करा. आणि जी वस्तू त्या कागदावर नाहीच, तिच्यावरची सर्वांत मोठी सूट म्हणजे ती न घेणे. तीत शंभर टक्के वाचतात.