सरदार आणि हल्ला

'सरदार' हा शब्द फारसीतून आला, हे वाचकाला सांगायला नको. तरी त्याचे दोन्ही अवयव ओळखीचे वाटतात. फारसी 'सर' आणि संस्कृत 'शिरस्' ही एकाच आजीची नातवंडे. अवेस्तात 'सरह्' असे रूप भेटते. 'दार' हे 'दाश्तन', म्हणजे बाळगणे, या क्रियापदाचे आणि त्याचे नाते आपल्या 'धृ' धातूशी. सम्राट दारियुशच्या नावाचा आरंभही तोच. हा सांधा संस्कृतात जुळता तर 'शिरोधर' झाला असता. पण तिथे 'शिरोधरा' म्हणजे मान! 'धारदार'मध्ये तर ही दोन्ही घराणी शेजारीशेजारी बसली आहेत, आणि 'सरपंचा'त फारसी सराखाली संस्कृत पंच. अहमदपूरकरांना याचे नवल वाटू नये. स्तुतिवाचक अरबी ह-म-द धातूला संस्कृत 'पुर' जोडूनच त्यांचे गाव झाले आहे.

मराठेशाहीत शिंदे-होळकर सरदार होते, सरदारकी वंशपरंपरेने चाले. पंजाबात मिसलींचे, म्हणजे शीख लढाऊ गटांचे, प्रमुख सरदार म्हणवत. तिथून हा शब्द हुद्द्याचा आदरवाचक झाला आणि पुढे साऱ्या शिखांना लागला असे दिसते. 'सरदारजी'तला 'जी' कोणी 'जीव'पासून काढतात, कोणी 'आर्य', 'अज्ज' या वाटेने. दुसरी वाट खरी असेल तर आपला 'आजा' त्याचा सख्खा ठरतो.

'शीख' म्हणजे शिष्य, हे सर्वत्र सांगितले जाते. पण 'शिष्य'चे प्राकृत 'सिस्स' होते. 'सिक्ख' हे 'शिक्ष्'कडचे असावे. तसे असेल तर आपले 'शिकणे' त्याला अधिक जवळचे. मराठवाड्यातल्या शिकलगारांचे नाव मात्र या कुळातले नव्हे. ते अरबी 'सैकल', म्हणजे शस्त्राला जिल्हई देणे, यातून आलेले. नांदेडच्या 'सचखंड हजूर साहिब' गुरुद्वाऱ्यातला 'हजूर' अरबी 'हुजूर'चा, म्हणजे सान्निध्याचा. पुण्याच्या हुजूरपागेतही तोच. 'सचखंडा'तले 'सच' जुन्या मराठीत 'साच' होते. गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण 1708 मध्ये नांदेडला झाले, नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. शब्दांच्या हिशेबाने इथे परके असे फारसे कोणी उरत नाही.

मग 'एक सरदारजी होता' असा विनोद सुरू होतो तेव्हा काय घडते? पाणिनीने सांगितले आहे की जातीचा निर्देश असेल तर एकाला विकल्पाने बहुवचन लावता येते. विनोदातले एकवचन नेमके असेच आहे: दिसायला एक, बोलायला सगळे. असे विनोद थांबवावेत म्हणून 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. लोकांच्या वागण्याबाबत नैतिक मार्गदर्शक तत्त्वे घालून देता येत नाहीत, असे न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले. कायद्याची अडचण समजते. पण वर्गात सगळे आपल्याकडे बघून हसताना गप्प बसणारा पगडीतला मुलगा त्याने सुटत नाही.

या विनोदांतले 'बारा वाजणे' पाहा. मराठीत बारा कशाचेही वाजतात. पावसाने सोयाबीनचे, पेपर अवघड आला की निकालाचे. एकाच समाजाला ते चिकटवायला भाषेत काही आधार दिसत नाही. उत्तरादाखल सांगतात की नादिरशहाच्या फौजेवर शीख मध्यरात्री छापे घालून पळवलेल्या स्त्रियांना सोडवीत, तेच हे बारा. कथा उदात्त आहे, पण मागाहून जुळवलेली असावी. नादिरशहाची स्वारी 1739 ची. तेव्हा सामान्य माणूस वेळ प्रहर आणि घटकांनी मोजी. 'दुपार' हा शब्दच दोन प्रहरांचा. त्या काळची आठवण असती तर तिच्यात प्रहर यायला हवा होता.

जात दाखवणारे एकवचन हसण्यापुरतेच राहत नाही. 29 मार्च 2021 रोजी, कोरोनामुळे परवानगी नाकारलेली असताना, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातून होला महल्ल्याच्या मिरवणुकीचा जमाव अडथळे मोडून बाहेर पडला. पोलिसांवर तलवारी चालल्या, किमान चार पोलीस जखमी झाले, गाड्या फुटल्या. हा गुन्हाच, आणि तो करणाऱ्यांचा. पण ज्यांनी तो केला नाही तेही दुसऱ्या दिवशी त्याच एकवचनात गणले जातात. कालचा भोळा सरदारजी आज तलवारवाला होतो, आणि दोन्ही वेळा माणूस दिसतच नाही. हे मला फार अन्यायाचे वाटते.

या मिरवणुकीला नांदेडात 'हल्लाबोल' म्हणतात. तो हल्ला लुटुपुटीचा, युद्धाच्या सरावाचा. काहनसिंग नाभांच्या 'महानकोशा'त होला-महल्ल्याचा उलगडा हमला आणि हमल्याची जागा असा आहे. 'हमला' अरबी ह-म-ल, म्हणजे वाहणे, यातला. आपला 'हमाल' त्याचाच भाऊ. पण मराठी 'हल्ला' तिथूनच आला का? 'हमला'तला 'म' गळून 'ल' दुणावणे अशक्य नाही, तरी 'हलणे', 'हलकल्लोळ', 'हाळी देणे' ही देशी मंडळी जवळ उभी आहेत. उदगीरकडच्या हाळी-हंडरगुळीतली 'हाळी' मात्र या गोतातली नसावी, कन्नड 'हळ्ळी' म्हणजे गाव, तीच दिसते. माझा कल देशी मुळाकडे आहे: आधी आरडाओरडा, मग चाल करून जाणे, असा अर्थाचा क्रम असावा. हिंदीत 'हल्ला' आजही गोंगाट आहे. 'म्ल'चा 'ल्ल' झाल्याचे दुसरे एखादे अरबी उदाहरण मराठीत कोणाला सापडले, तर मात्र हा निवाडा फिरवावा लागेल.