सुफळ संपूर्णच्या पुढचं पान

श्रावण आला की आमच्याकडे तलवाड्याला कहाण्या सुरू व्हायच्या. तलवाडा म्हणजे बीड जिल्ह्यातलं, गेवराई तालुक्यातलं गाव. त्वरितादेवीचं तलवाडा म्हटलं की आजूबाजूच्या लोकांना लगेच कळतं. शुक्रवारी आजी हातात तांदळाचे दाणे देऊन आम्हाला भिंतीला टेकवून बसवायची आणि आटपाट नगर उभं राहायचं. त्या नगरात काय काय नाही व्हायचं! राजा राणीला हाकलून द्यायचा, नावडतीला गोठ्यात टाकायचे, पोरं पळवली जायची, सासरे-दीर अन्न तोडायचे. नीट ऐकलं तर फार भयंकर गोष्टी आहेत त्या. पण शेवटी कुणीतरी वसा सांगायचं, उतायचं नाही मातायचं नाही असं ठरायचं, आणि गेलेलं सगळं परत मिळायचं. साठा उत्तरांची कहाणी सुफळ संपूर्ण.

माझी एक आत्या होती, तिला लहानपणापासून एक खोड. कहाणी संपली की ती विचारायची, "मंग पुढं?" आजी म्हणायची, "पुढं काय, नांदली सुखानं." आत्या म्हणायची, "आन् ज्यानं हाकललं होतं त्यो?" आजीकडे याचं उत्तर नव्हतं. "दाणे टाक देवापुढं आन् ऊठ" एवढंच.

परवा मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या दिवसांवर काही वाचत होतो तेव्हा आत्याचा हा प्रश्न आठवला. मला असं दिसतं की मराठी गोष्टीतल्या काही फार मोठ्या माणसांनी एवढंच केलं आहे. गोष्ट जिथे थांबायची पद्धत होती तिथे ते थांबले नाहीत.

सुरुवातीला मात्र थांबायचंच होतं सगळ्यांना. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 च्या सुमाराची. राजपुत्र, राजकन्या, ताटातूट, चमत्कार, शेवटी मीलन. थोडक्यात आटपाट नगरच, फक्त छापलेलं. रिसबुडांची मला गंमत वाटते ती त्यांच्या प्रस्तावनेसाठी. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आपल्या लोकांचं आयुष्य, विशेषतः आपली लग्नाची रीत, अशी आहे की त्यात वाचण्यासारखं काही घडतच नाही. रोजच्या जगण्यावर लिहिलं तर मनोरंजन कसं होणार? म्हणून अद्भुताकडे जावं लागतं. प्रामाणिक माणूस! पण विचार करा, हे लिहिलं जात होतं तेव्हा घराघरात आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्नं होत होती, त्यातल्या कितीतरी वयात यायच्या आधीच विधवा होत होत्या, त्यांचे केस काढले जात होते. आणि म्हणे आपल्याकडे काही घडत नाही.

ते घडतंय हे बाबा पदमनजींना रिसबुडांच्याही आधी दिसलं होतं. त्यांचं 'यमुनापर्यटन' 1857 चं. नवऱ्याबरोबर प्रवासाला निघालेली यमुना ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकत जाते आणि शेवटी स्वतःच विधवा होते. इथपर्यंत पुस्तक डोळे उघडून लिहिलेलं आहे. पुढे मात्र यमुना ख्रिस्ती होते, तिचा पुनर्विवाह होतो आणि सगळं ठीक होतं. पदमनजी स्वतः ख्रिस्ती झालेले, त्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्यांना हाच शेवट खरा वाटला असणार. तरी वाचताना जाणवतं, की वाटेत भेटलेल्या बाकीच्या बायांना असा कुठला शेवट मिळालेला नाही.

आणि मग 1890. पुण्यात हरी नारायण आपटे 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढतात. वय वर्षं सव्वीस. नाव 'करमणूक' आणि त्यात क्रमशः छापायला घेतलं काय, तर 'पण लक्षात कोण घेतो?'

ही कादंबरी तुमच्यापैकी पुष्कळांनी अभ्यासाला म्हणून वाचली असेल आणि अभ्यासाला होती म्हणून विसरलीही असेल. :) पुन्हा वाचा असं सांगेन. यमू आपली गोष्ट आपल्याच तोंडानं सांगते. माहेर, भाऊ, आई जाणं, सावत्र आई, लग्न. यमूचा नवरा रघुनाथ भला माणूस आहे. तो तिला लिहायला-वाचायला शिकवतो, दोघं मुंबईला बिऱ्हाड करतात. हा मधला भाग इतका सुखाचा आहे की वाचणाऱ्याला वाटतं, सुटली बाई एकदाची. दुसरा कुणी असता तर इथे 'समाप्त' लिहिलं असतं. सुधारक नवरा, शिकणारी बायको, आणखी काय पाहिजे? पण रघुनाथ मरतो. मग यमू सासरच्या ताब्यात येते आणि शंकरमामंजी जबरदस्तीनं तिचं केशवपन करवतात. शेवटी यमूही जाते. मामंजींना पश्चात्ताप होत नाही. कुणी वसाही सांगत नाही.

सुखाचा शेवट करायला आपट्यांना काही अडचण नव्हती, हे इथे लक्षात घ्यायला हवं. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा, म्हणजे आपट्यांच्या जन्माच्याही आधीचा. पंडिता रमाबाईंचं शारदासदन 1889 मध्ये सुरू झालं होतं. 'करमणूक'मधली ही गोष्ट 1893 पर्यंत चालली, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा, केशवपन झालेल्या, शारदासदनात शिकलेल्या. म्हणजे यमूला हवा होता तो शेवट पुण्यात खरोखर घडला होता. आपट्यांनी तो यमूला का दिला नाही?

माझं मत असं, की त्यांना मोजता येत होतं. एक गोदूबाई आणि किती यमू? आणि गोदूबाईंच्या गोष्टीचंही पुढचं पान आहेच. कर्वे नवी बायको घेऊन मुरूडला गावी गेले तर गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. सुखाचा शेवट म्हणून ज्याकडे बोट दाखवायचं त्याची ही अवस्था. यमूचं लग्न लावून दिलं असतं तर 'करमणूक'चे वाचक डोळे पुसून, समाधानानं पान दुमडून झोपले असते. आपट्यांनी त्यांना झोपू दिलं नाही.

नंतर बराच काळ आपल्याकडे गोष्टीच्या तंत्राचा जोर होता. ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' 1931 चं. गुंतागुंत, निरगाठ, उकल, सगळं घोटून बसवलेलं. फडके मी आवडीनं वाचले आहेत, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या माणसांना कधी उधारी फेडावी लागल्याचं मला आठवत नाही.

थेट 'बनगरवाडी'वर येतो, कारण तिथे मला आमचा मुलूख दिसतो. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 ची, गोष्ट माणदेशातल्या धनगरांच्या वाडीची, औंध संस्थानातली. तरुण मास्तर ओसाड वाडीवर शाळा चालवायला येतो. अशा गोष्टीचा साचा आपल्याला पाठ आहे: मास्तर येणार, गाव आधी हसणार, मग पोरं शिकणार, शेवटी गाव मास्तरला खांद्यावर घेणार. माडगूळकरही अर्ध्यावर आपल्याला तसंच वाटू देतात. शाळा भरते, तालीम बांधली जाते, तालमीसाठी राजेसाहेब वाडीला येतात. आणि मग पाऊस पडत नाही. बस्स. कुणी खलनायक नाही, भांडण नाही. मेंढरं मरतात, माणसं पोट घेऊन जगायला निघून जातात, वाडी रिकामी होते, शाळेत पोर उरत नाही आणि मास्तरलाही वाडी सोडावी लागते. एका माणसाच्या चांगुलपणानं दुष्काळ हटत नाही, एवढंच त्या पुस्तकात घडतं.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गावं अशीच रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला नवराबायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात ऊस तोडायला जातो. पोरं बरोबर जातात किंवा म्हाताऱ्यांपाशी राहतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं निघाली, काही पोरं त्यामुळे टिकली. तरी डिसेंबरात एखाद्या तांड्यावरच्या शाळेत जाऊन बघा. मुलगी वयात आली की तिला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून लवकर उजवून टाकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या विशी-चोविशीच्या बायकांपैकी 40 टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. 'करमणूक'चा पहिला अंक निघून तेव्हा सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती.

आमच्याच भागातले भास्कर चंदनशिव. त्यांची 'लाल चिखल' शाळेच्या पुस्तकात होती, त्यामुळे आमच्या घरातल्या धाकट्यांनाही माहीत आहे. बाप आणि पोरगा टोमॅटो घेऊन बाजारात जातात, भाव मिळत नाही, आणि बाप स्वतःच्या पायांनी तो माल तुडवतो. धड्याच्या गोष्टीत कष्टाला फळ मिळायचं असतं. इथे फळ मिळालेलं आहे, फक्त त्याला कुणी विचारत नाही. मास्तरांनी विचारलेल्या 'या पाठातून काय बोध मिळतो' या प्रश्नाला पोरांनी काय उत्तर लिहिलं असेल याचं मला फार कुतूहल आहे.

आणि 'सैराट'. 29 एप्रिल 2016 ला आला. आपल्या सिनेमात प्रेमातली जोडी पळून जाते तिथे सिनेमा संपतो. नागराज मंजुळे तिथून दुसरा सिनेमा सुरू करतात. हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, पाण्याचा त्रास, भांडणं, मारझोड, संशय. मग संसार, मूल, आणि ज्या क्षणी वाटतं की आता नांदतील सुखानं, तेव्हा माहेरची माणसं भेटी घेऊन दारात येतात. शेवटी पार्श्वसंगीतसुद्धा नाही.

आमच्या नात्यातले एक काका तेव्हा चिडून म्हणाले होते, "एवढं मारायची काय गरज होती? लोक करमणुकीला येतात." मी त्यांना म्हटलं, जामखेड तालुक्यातलं खर्डा आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागून आहे. तिथे 28 एप्रिल 2014 ला एका सतरा वर्षांच्या दलित मुलाला, वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारून टाकलं. 'सैराट' लागायच्या बरोबर दोन वर्षं आधी. काका गप्प बसले, पण पटलं नाही त्यांना. पुढे नोव्हेंबर 2017 मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. त्या वेळी काकांना फोन करावा असं मनात आलं होतं, केला नाही.

आत्याला 'सैराट' दाखवता आला नाही, ती त्याआधीच गेली. तिची 'पण लक्षात कोण घेतो?'ची प्रत, पाठीला कापडी पट्टी लावलेली, पिवळी पडलेली, ती मात्र घरात सापडत नाहीये. तलवाड्याचा वाडा आवरताना कुणीतरी नेली असणार. हे वाचणाऱ्या नातेवाइकांपैकी ज्याच्याकडे असेल त्यानं दिवाळीला येताना घेऊन यावी. परत करीन, शब्द देतो.