शुश्रूषा करणाऱ्यांची लस : प्लेग ते फ्लू

१/ १० जानेवारी १८९७. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले यांचे प्लेगने निधन झाले. रुग्णसेवा करतानाच त्यांना संसर्ग झाला होता.

२/ लस सिद्ध होणे आणि ती शुश्रूषा करणाऱ्यापर्यंत पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लूचा इतिहासही हेच सांगतो.

३/ जून १९१८ मध्ये फ्लू मुंबईत आला. शरद ऋतूतील दुसरी लाट अधिक भीषण ठरली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला. बारामती-इंदापूरसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यांसाठी ते वर्ष दुहेरी संकटाचे होते.

४/ या साथीत भारतात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्युप्रमाण अधिक होते. अपुरा आहार आणि घरातील रुग्णांची शुश्रूषा, ही त्याची कारणे अभ्यासक सांगतात.

५/ तेव्हा लस नव्हतीच. माणसातील फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये हाती लागला. १९४५ मध्ये अमेरिकेत लस आली, ती आधी सैनिकांसाठी.

६/ ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात नोंदला गेला. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकातून देण्याची लस आणली. २०१५ मध्ये राज्य शासनाने गरोदर स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी मोफत लसीकरण सुरू केले.

७/ ही लस दरवर्षी का? विषाणू रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचे घटक सुचवते. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात वाढतो. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून लस मृगापूर्वी घेणे श्रेयस्कर.

८/ ब्रिटनमध्ये वृद्ध वा अपंग व्यक्तीची घरी मुख्यत्वे काळजी घेणाऱ्यालाही ही लस मोफत मिळते. आपल्याकडील २०१५ च्या गटांत परिचारिका होती. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी सून मात्र नव्हती. सावित्रीबाईही कोणत्या सरकारी रुग्णालयाच्या कर्मचारी नव्हत्या. शुश्रूषा करणारा कोणाला म्हणावे, हा प्रश्न म्हणूनच अजून जुना झालेला नाही.