हौसेची गाडी, रोजची गाडी

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. पेट्रोल पंपावर मात्र हे मोल दर आठवड्याला मोजावे लागते. मोकळ्या रस्त्यावर भरधाव धावण्यासाठी घेतलेली दमदार गाडी नोकरी, मुलांची शाळा आणि शहरातील कोंडी यांच्या फेऱ्यात सापडली की तिचा खर्च डोळ्यांत भरू लागतो. मग ती विकून रोजच्या वापराची, कमी इंधनात चालणारी गाडी घ्यावी, असा विचार घरात सुरू होतो. हा निर्णय घेताना बहुतेकांची नजर केवळ मायलेजच्या आकड्यावर असते. प्रत्यक्षात बचत किती होणार, हे त्या आकड्याइतकेच आपल्या महिन्याच्या धावेवर अवलंबून असते.

दमदार इंजिन जास्त का पिते?

शहरात ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने जाण्यासाठी गाडीला तिच्या एकूण शक्तीचा अगदी लहानसा अंश पुरतो. अशा वेळी पेट्रोल इंजिनातील हवेची झडप जवळजवळ बंद असते आणि त्या अरुंद वाटेने हवा ओढून घेण्यातच इंजिनाची काही शक्ती वाया जाते. इंजिन जितके मोठे, तितका हा अपव्यय अधिक. सिग्नलला उभे असतानाही मोठे इंजिन जास्त पेट्रोल जाळते. टर्बो असलेल्या अनेक इंजिनांत जोराने वेग घेताना तापमान आटोक्यात ठेवण्यासाठी पेट्रोलचे प्रमाण वाढवले जाते. रुंद टायरमुळे घर्षण वाढते. वजनदार गाडी प्रत्येक ब्रेकसरशी अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावते. शिवाय अशा काही इंजिनांना जास्त ऑक्टेनचे, म्हणजेच महागडे पेट्रोल लागते. थोडक्यात, दोष गाडीचा नसून तिच्या कामात झालेल्या बदलाचा असतो.

तेलटंचाईचा धडा

हा पेच नवा नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेलउत्पादक देशांनी निर्यातबंदी जाहीर केली आणि १९७४ च्या प्रारंभापर्यंत कच्च्या तेलाचे दर सुमारे चौपट झाले. आठ सिलिंडरच्या अवजड, वेगवान गाड्यांवर भाळलेल्या अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. होंडा सिव्हिकसारख्या लहान जपानी गाड्यांना तेथे मोठी बाजारपेठ मिळाली, ती याच काळात. १९७५ मध्ये अमेरिकी सरकारने गाड्यांच्या इंधन-कार्यक्षमतेचे किमान निकष ठरवणारा कायदाही केला.

भारतातही असे एक उदाहरण घडले. होंडा सिटीच्या पहिल्या पिढीतील १.५ लिटरचे व्हीटेक इंजिन १०० हून अधिक अश्वशक्तीचे होते आणि वेगप्रेमींचे लाडके होते. २००३ मध्ये आलेल्या नव्या सिटीत इंजिन १.५ लिटरचेच ठेवण्यात आले, पण त्याची शक्ती ८० अश्वशक्तीच्याही आत होती. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग देऊन इंधनबचतीवर भर देण्यात आला होता. वेगाचे चाहते हिरमुसले, परंतु प्रशस्त जागा आणि कमी खर्च पाहणाऱ्या कुटुंबांनी ती गाडी स्वीकारली.

बचतीचे गणित

समजा, महिन्याची धाव १,००० किलोमीटर आहे आणि पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये. लिटरला ८ किलोमीटर धावणाऱ्या गाडीला महिन्याला १२५ लिटर पेट्रोल लागेल. १६ किलोमीटर धावणारी गाडी घेतल्यास ६२.५ लिटर पुरेल. म्हणजे महिन्याला ६,२५० आणि वर्षाला ७५,००० रुपयांची बचत. आता १६ ऐवजी २४ किलोमीटर धावणारी गाडी घेतली, तर आणखी किती वाचतील? वर्षाला केवळ २५,००० रुपये. दोन्ही वेळा मायलेज आठनेच वाढले, पण दुसऱ्या पायरीवरील बचत पहिलीच्या एक तृतीयांश आहे. त्यामुळे आकड्यातील शेवटच्या दोन-चार किलोमीटरसाठी लाखभर रुपये जास्त मोजण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा.

धाव महिन्याला ३०० किलोमीटरच असेल, तर पहिल्या पायरीवरील बचतही वर्षाला २२,५०० रुपयांवर येते. महाराष्ट्रात १० लाख रुपयांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीवर किमतीच्या ११ टक्के कर एकरकमी भरावा लागतो. आठ लाखांच्या गाडीवर तो ८८,००० रुपये होतो. एवढा कर भरून निघायलाच जवळजवळ चार वर्षे लागतील, आणि त्यात नव्या गाडीची घसरती किंमत धरलेलीच नाही. अशा कुटुंबाने जुनी गाडी जपून वापरणेच शहाणपणाचे. हजार किलोमीटर धावणाऱ्याचा तोच कर मात्र सुमारे चौदा महिन्यांत वसूल होतो.

पर्याय कोणता?

लहान पेट्रोल गाडी हा सर्वांत सरळ पर्याय. २२ सप्टेंबर २०२५ पासून १,२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला, तर मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे. सीएनजीचा खर्च कमी, मात्र सामानाची जागा घटते आणि टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. इंजिनाला विजेच्या मोटारीची भक्कम जोड देणारी हायब्रिड गाडी ब्रेक लावताना वाया जाणारी काही ऊर्जा साठवते, म्हणून कोंडीत ती विशेष किफायतशीर ठरते. तिची मूळ किंमत मात्र अधिक असते. नव्या डिझेल गाड्यांतील काजळी अडवणारा फिल्टर केवळ जवळच्या फेऱ्यांनी तुंबू शकतो. डिझेल लांबच्या प्रवासासाठीच बरे. विजेवरील गाडीचा विचार करताना सोसायटीच्या वाहनतळात चार्जरची सोय होईल का, हे आधी पाहावे.

कंपनीचे मायलेज प्रयोगशाळेत मोजलेले असते. खरा आकडा काढायचा तर टाकी पूर्ण भरून किलोमीटरची नोंद करावी आणि पुन्हा पूर्ण भरताना लागलेल्या लिटरनी झालेल्या धावेला भागावे. जुन्या गाडीचे असे तीन-चार वेळा मोजमाप केल्याशिवाय नव्या गाडीशी तुलना करू नये. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा प्रतिलिटर सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलवर मायलेज थोडे घटते, हेही ध्यानात ठेवावे.

जुनी गाडी विकताना

कर्ज फिटले असल्यास बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ देऊन नोंदणी पुस्तिकेवरील बोजा उतरवून घ्यावा. फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतर प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदवले गेल्याची स्वतः खात्री करावी. गाडी विकली, पण नोंद आपल्याच नावावर राहिली, तर पुढील अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. पूर्वीच्या विमा कंपनीकडून तसे पत्र घेतल्यास नव्या गाडीच्या विम्यातील स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. गाडी विकण्याच्या घाईत हे पत्र घ्यायचे अनेकांचे राहून जाते.