फ्लॉवरचा इतिहास आणि आपले बियाणे



थंडीच्या दिवसांत परसात फ्लॉवरचे दोन वाफे असले, म्हणजे घरची भाजी भागते. पण दरसाल एक तक्रार ठरलेली. कुणी म्हणतो, "साहेब, गड्डा सुपारीएवढाच राहिला." कुणी म्हणतो, "नुसती पानंच माजली, गड्डा धरायचं नाव नाही." मग खत कमी पडले की पाणी चुकले, याचा शोध सुरू होतो. पुष्कळदा चूक त्याआधीच, बियाणे निवडताना झालेली असते. ती समजण्यासाठी फ्लॉवरचा इतिहास पाहू.

फ्लॉवर आपल्या मातीतला नव्हे. १८२२ साली इंग्लंडहून त्याचे बी आणले गेले आणि उत्तर प्रदेशातील सहारनपूरच्या कंपनी बागेत लावले गेले. ते वाण थंड मुलखातले. गड्डा धरायला आणि पुढे बी धरायला त्याला भरपूर थंडी लागे. उत्तरेकडचा उन्हाळा मात्र कडक. उशिरा फुलणारी झाडे बी न धरताच करपत. जी लवकर फुलत, उकाडा सोसत, त्यांचेच बी हाती लागे आणि पुढच्या साली तेच पेरले जाई. असे करता करता शंभर वर्षांत उष्ण हवेतही गड्डा धरणारा देशी फ्लॉवर तयार झाला. हे काम नाव नसलेल्या माळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी केले.

या देशी जातींना त्यांनी नावेही महिन्यांची दिली: कातकी, अगहनी, पूसी, माघी. कार्तिकात येते ती कातकी, मार्गशीर्षातली अगहनी. म्हणजे जातीच्या नावातच तिची वेळ सांगितलेली असे. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा कातकी', 'पुसा दीपाली' अशी सुधारित वाणे काढली.

दुसरे घराणे स्नोबॉलचे. याचा गड्डा पांढराशुभ्र व घट्ट, पण त्याला १० ते १६ अंश सेल्सिअसची थंडी हवी. याचे बीसुद्धा कुलू खोऱ्यासारख्या थंड डोंगराळ भागातच तयार होते. लवकर येणारे देशी वाण २० ते २७ अंशांतही गड्डा धरते.

आता तक्रारीचे कारण ध्यानात येईल. लवकरचे वाण उशिरा लावले, तर रोप लहान असतानाच थंडी लागते आणि सुपारीएवढा गड्डा येतो. स्नोबॉल लवकर लावला, तर थंडी मिळेपर्यंत तो पानेच वाढवतो.

म्हणून एवढे करा:

• लवकरच्या देशी वाणाचे रोप जून-जुलैत टाका. स्नोबॉलचे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात टाका.

• रोप गादीवाफ्यावर करा. चार-पाच आठवड्यांचे झाले की दीड-दीड फुटावर लावा. जून झालेले रोप लावू नका, त्यानेही गड्डा लहान राहतो.

• गड्डा मुठीएवढा झाला की त्याचीच पाने वर बांधा. उन्हाने तो पिवळा पडणार नाही.

• पुडीवर वाणाचे नाव नसेल, तर ते बी घेऊ नका. दुकानदार नुसते "फ्लॉवरचं बी आहे" म्हणाला, तर "कोणत्या महिन्याचं?" हे विचाराच.

जुने माळी जात महिन्यावरून ओळखत. आपणही तेच करायचे आहे. बियाण्याची वेळ चुकली, तर खताची गोणी ती भरून काढत नाही.