डोळ्यातला मेंदू

डोळा कॅमेऱ्यासारखा असतो, असे आपण वर्गात शिकवतो. भिंगाचे कार्य समजावून देण्यास ही उपमा सोयीची आहे. परंतु तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. गर्भावस्थेत मेंदूच्या पुढच्या भागातून दोन फुगवटे बाहेर येतात आणि त्यांपासूनच दृष्टिपटल तयार होते. तेथील पेशींचे सुमारे दहा लाख तंतू एकत्र येऊन दृक्‌चेता, म्हणजे डोळ्यामागची नस, बनते. तीही मेंदूचाच विस्तार होय. वैद्यकाने मात्र डोळा आणि मेंदू यांचे विभाग वेगळे केले, आणि काचबिंदू व अल्झायमर या दोन विकारांचा अभ्यास दीर्घकाळ दोन वेगळ्या वाटांनी चालला. या वाटा जवळ कशा आल्या, ते आपण पाहू.

जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली नेत्रदर्शक यंत्राची माहिती प्रसिद्ध केली आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ पाहणे शक्य झाले. बर्लिनचे आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी काचबिंदूच्या रुग्णांमध्ये नसेचे तोंड न्याहाळले आणि १८५४ साली ते फुगलेले असते असे लिहिले. प्रत्यक्षात तेथे खळगा होता! एका डोळ्याने पाहिलेल्या चित्रात उंचवटा आणि खोली यांची गल्लत झाली होती. दोन-तीन वर्षांतच इतरांची निरीक्षणे आणि मृत्यूनंतर तपासलेले डोळ्यांचे छेद यांवरून खरा प्रकार कळला आणि ग्रेफे यांनीही आपले मत बदलले. डोळ्यातील दाब वाढून नस झिजते, हा विचार पुढे रूढ झाला.

दुसरी वाट फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयातून निघते. तेथे १९०१ साली ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिची स्मृती झपाट्याने ढासळत होती. १९०६ साली तिचे निधन झाल्यावर अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते आढळले. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

या दोन वाटा जवळ आणणारी एक नोंद १९८६ सालची आहे. अमेरिकेतील संशोधकांनी अल्झायमरने मरण पावलेल्या दहा रुग्णांच्या दृक्‌चेता तपासल्या. त्यांपैकी आठ जणांमध्ये तंतूंची मोठी झीज दिसली. १९९१ साली प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचे थर मोजण्याचे तंत्र पुढे आले. डॉक्टर ज्याला ‘ओसीटी’ म्हणतात ते हेच. २००१ साली या तंत्राने अल्झायमरच्या जिवंत रुग्णांतही तंतूंचा थर पातळ झालेला आढळला. काचबिंदूतही हाच थर पातळ होतो.

उलट बाजूनेही पुरावे येत होते. डोळ्याकडून आलेला संदेश मेंदूतील एका मधल्या ठाण्यावरून दृष्टीच्या केंद्राकडे जातो. २००० साली माकडांमध्ये आणि २००६ साली एका माणसामध्ये असे दिसले की, काचबिंदूमुळे या ठाण्यातील पेशीही नष्ट होतात. पुढे एमआरआय चित्रांतही ते ठाणे आक्रसलेले आढळले. म्हणजे काचबिंदूची झीज डोळ्यापाशी थांबत नाही.

मग हे दोन विकार एकच आहेत काय? येथे ग्रेफे यांची चूक आठवावी. चित्रात दोन गोष्टी सारख्या दिसल्या, म्हणून त्यांची कारणे एकच असतात असे नाही. काचबिंदूत झीज दृष्टीच्या मार्गाने पसरते. अल्झायमरमध्ये बहुधा स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतचा भाग आधी आक्रसतो. जर्मनीतील २००२ सालच्या पाहणीत अल्झायमरच्या रुग्णांमध्ये काचबिंदूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. डेन्मार्कमधील २००७ सालच्या पाहणीत मात्र काचबिंदूच्या रुग्णांना अल्झायमरचा धोका अधिक असल्याचे दिसले नाही. म्हणून काचबिंदू झालेल्या माणसाने ‘आता आपली स्मृतीही जाणार’ अशी धास्ती घेण्याचे कारण नाही.

तरीही दोन्ही विकारांचा एकत्र विचार करणे घराघरांत उपयोगी पडेल. काचबिंदूत बहुधा कडेची नजर आधी जाते. आजोबा दाराच्या चौकटीला धडकतात आणि आपण ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो. गेलेली नजर परत येत नाही. दाब उतरवून उरलेली मात्र पुष्कळदा राखता येते. उलट, स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना थेंब घालायचे आठवत नाही. नजर तपासताना समोरच्या बिंदूवर दृष्टी ठेवून प्रकाश दिसताच बटण दाबायचे असते; ही सूचनाच लक्षात न राहिल्याने त्यांची नजर आहे त्याहून अधू ठरू शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांना स्मृतीविषयी आणि मेंदूच्या डॉक्टरांना डोळ्यांविषयी सांगणे हे घरच्यांचे काम आहे.

वर्गात एक साधा प्रयोग करून पाहावा. विद्यार्थ्यांना एक डोळा मिटायला सांगावा आणि हात लांब करून दोन पेन्सिलींची टोके बाजूने एकमेकांना टेकवायला सांगावीत. टोके किती वेळा चुकतात ते मोजावे, मग दोन्ही डोळे उघडून पुन्हा मोजावे. ग्रेफे यांच्यासारखा निष्णात वैद्यही का फसला, ते मग मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.